नाचणगावच्या तळ्यातली समुद्राची फळी

मी समुद्राची फळी बोलतेय, आणि बोलतेय ती वर्धा जिल्ह्यातल्या नाचणगावातून. हसायचं असेल त्यांनी आधी हसून घ्यावं. मला घाई नाही. माझ्यावर हसून हसून या गावातल्या माणसांचे जबडे दुखले, मी अजून तरंगतेच आहे.

लाटेवर उभं राहून किनाऱ्याकडे घसरत यायचा एक खेळ असतो. त्याला सर्फिंग म्हणतात. त्या खेळाची फळी म्हणजे मी. नऊ फूट लांब, दोन फुटांना थोडी कमी रुंद, पुढून निमुळती, पाठीवर एक निळा पट्टा. पोटात फेस गोठवल्यासारखा हलका गाभा, मधोमध लाकडाचा लांब कणा, वरून काचेच्या धाग्याचं कापड, आणि त्यावर डिंकासारखा एक रस ओततात, तो वाळला की दगड होतो. बुडाशी तीन पंख, माशाला असतात तसे. एवढीच मी. दागिना म्हणून पायाला बांधायची एक दोरी.

कोकणात एका खाडीच्या तोंडाशी पत्र्याची शेड होती, तिथं माझा जन्म झाला. मला घडवणारा माणूस फार कमी बोलायचा. एक डोळा मिटून माझी कड पाहायचा, घासायचा, पुन्हा पाहायचा. सून करून न्यायची पोरगीही इतकी कोणी न्याहाळत नसेल. शेवटी माझ्यावरून तळहात फिरवून तो म्हणाला, "ही पडणाऱ्यांची." म्हणजे शिकाऊ लोकांची. तेव्हा मला वाईट वाटलं होतं. आता वाटत नाही. या जगात पडणारेच जास्त, मग त्यांच्या वाट्याला गेले यात कमीपणा कसला?

चार वर्षं मी किनाऱ्यावरच्या शिकवणीत काढली. माणसं पाहिली ती खालून. तुम्ही माणसाचा चेहरा पाहता, मी तळपाय पाहिले. पाय खोटं बोलत नाहीत. फोनवर दहा जणांना हुकूम सोडणारा एक साहेब माझ्यावर चढला की त्याच्या पायाची बोटं अशी आवळायची, की मला वाटायचं हा बिचारा घरीसुद्धा बोटं आवळूनच झोपत असेल.

आकांक्षा आली ती संक्रांत झाल्यावरच्या शुक्रवारी. चोवीस-पंचवीसची पोरगी, उन्हातही लांब बाह्या घातलेली. सहा दिवस ती उलट्या घातलेल्या होडीच्या सावलीत बसून राहिली, पाण्याला शिवली नाही. पुण्यात कंपनीत कामाला होती. एका दुपारी भरल्या बैठकीत तिच्या बोटांना मुंग्या आल्या, गळा आवळला, आणि आपण आत्ता मरतो असं तिला वाटलं. दवाखान्यात छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली. पट्टी साफ. मग ते लिफ्टमध्ये झालं, बसमध्ये झालं, एकदा केस धुताना झालं. पुढं पुढं तर ते होईल याचीच भीती बसली, आणि पोरगी खोलीबाहेर पडेना. मनाच्या डॉक्टरानं आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि सांगितलं की रोज अंग दमव. मैत्रिणीनं तिला ओढून समुद्रावर आणलं.

सातव्या दिवशी शिकवणाऱ्या दादानं तिला माझ्यावर पालथं झोपवलं. म्हणाला, "पडशील तेव्हा डोकं दोन्ही हातांनी झाक, अंग सैल सोड आणि आकडे मोज. पाण्याशी भांडू नको. लाट पुढं गेली की तूच वर येशील."

त्या दिवशी ती अकरा वेळा पडली. मी मोजलं आहे. दर वेळी नाकातोंडातून पाणी काढत वर यायची आणि आधी इकडंतिकडं पाहायची, कोण रागावतंय म्हणून. कोणी रागावत नव्हतं. बाराव्या वेळी ती गुडघ्यांवर आली आणि चार हात तशीच गेली.

माझ्यावर असलेल्या माणसाला मागचं उगाळायला आणि पुढचं चिंतायला सवड नसते. पाय कुठं आहे, लाट कुठं आहे, एवढंच उरतं. तासाभरानं अंग असं मोडून येतं की रात्री झोप मागावी लागत नाही. पण खरी गोष्ट वेगळीच घडली. पाय घसरू नये म्हणून मला मेण घासताना ती स्वतःशी बोलायची, त्यातून मी ऐकली. म्हणाली, लाट येते तेव्हा छाती अशीच धडधडते, अगदी तश्शी. फक्त इथं मला माहीत असतं का धडधडते ते. दोन हंगामांत तिला कळून चुकलं की धडधड येते आणि जाते, तिच्यानं कोणी मरत नाही.

आणि हेही ऐकून ठेवा. मी औषध नाही. तिनं गोळ्या सोडल्या नाहीत, डॉक्टरला विचारून विचारून कमी केल्या. माझं नाव सांगून कोणी गोळ्या फेकल्या तर ते पाप माझ्या पाठीवर टाकू नका, माझी पाठ आधीच भाजलेली आहे.

ती कशी भाजली, ते आता सांगते.

पावसाळ्यात समुद्र खवळतो. शिकवणी चार महिने बंद असते. आकांक्षा तोवर तिथं शिकाऊ लोकांना हात द्यायचं काम करू लागली होती. दादानं तिला मला देऊन टाकलं, माझ्या कडेला एक खोक पडली होती म्हणून. जून महिन्यात ती मला घेऊन घरी निघाली. मला ठेवायला पिशवी नव्हती, तर तिनं दोन पांढऱ्या चादरी गुंडाळल्या आणि सुतळीनं पाच ठिकाणी बांधलं. वर्ध्याच्या स्टेशनावर उतरून आम्ही काळीपिवळीत बसलो. म्हणजे ती आत, ड्रायव्हरजवळ, आणि मी टपावर.

नाचणगावच्या पहिल्या वळणावर तानाबाई उभी होती. आकांक्षाच्या घराच्या बाजूलाच तिचं घर. तिनं टपावरची पांढरी, लांब, सुतळीनं बांधलेली वस्तू पाहिली आणि हातातली बादली सोडून दिली.

"अव माय व, नत्थूजीची पोट्टी गेली व. पुण्याच्या हवेनं खाल्ली व लेकीले."

आणि छाती पिटत ती गाडीमागं धावली. वाटेत चार बाया मिळाल्या, आठ झाल्या. एक शहाणा तर बांबू पाहायलाही गेला म्हणतात. गाडी दारात थांबली, पुढचं दार उघडून आकांक्षा उतरली.

"मावशी, मी इथंच आहो."

तानाबाईनं डोळे पुसले, तिला आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाली, "मंग वरतं कोन हाय?"

अशी मी या गावात आले. माझ्यासाठी इतकं रडणं दुसऱ्या कुठल्या गावानं केलं नसतं, म्हणून मी राग धरला नाही.

घरात तिचे वडील नत्थूजी आणि आई देवकाबाई. दोन एकरांत मेथी, पालक, मुळा, कोबी, आणि पुलगावच्या बाजारात देवकाबाईचं रोजचं दुकान. भाऊ पियुष वर्ध्याला नोकरीवर, बायकापोरांसह सिंदी मेघेला राहतो. नत्थूजींनी माझ्यावर बोटाची पेरं वाजवून पाहिली, टरबूज पाहतात तशी. "आतून पिकलं नाई अजून," म्हणाले. देवकाबाईनं विचारलं, "इस्त्री कराची फळी इतली मोठी कायले लागते व?"

दुसऱ्या दिवशी आकांक्षा शेतात गेली आणि धावत परत आली. शेताच्या टोकाला शेततळं होतं. तीस पावलं लांब, तीस पावलं रुंद, दोन पुरुष खोल, विहिरीच्या मोटारीनं काठोकाठ भरलेलं. लाट नव्हती. पण पाणी होतं.

नत्थूजी म्हणाले, "नाई."

"बाबा, मले पवता येते."

"त्यालेबी येत होतं."

त्याला म्हणजे शेजारच्या शिवारातल्या एका पोराला. तळ्याच्या उतारावर पाणी मुरू नये म्हणून प्लॅस्टिकची जाड पन्नी अंथरलेली असते. ती ओली झाली की साबणासारखी होते. पोहता येणारा माणूससुद्धा काठाला हात लावून लावून थकतो, वर येत नाही. दोन उन्हाळ्यांपूर्वी त्या पोराला बाहेर काढणाऱ्या चौघांत नत्थूजी होते. त्यानंतर त्यांनी आपल्या तळ्याला चारी बाजूंनी तारेचं कुंपण घातलं, फाटकाला कुलूप लावलं, आणि किल्ली कमरेच्या करदोड्यात ओवली. आंघोळीलाही ती किल्ली निघत नसे. त्या माणसाला मी कधी वाईट म्हणणार नाही. त्याची भीती खरी होती.

पियुषची मात्र नव्हती. तो रविवारी आला, मला पाहिलं आणि म्हणाला, "समुद्रावर पोट्ट्याइले पान्यात ढकलते, हे सांगाचं का उद्या पाहुण्याइले? बिमारी आहे हे तं सांगूच नका. झालं ते झालं. आता इथंच राह्यजो."

चार महिने संपले. कोकणातून दादाचा फोन आला, शिकवणी सुरू झाली म्हणून. आकांक्षानं बॅग भरली. घरच्यांनी रिकामी केली. "तब्येत बरी नाई तं एकटी कायले राह्यतं," एवढंच. मारलं नाही, कोंडलं नाही. प्रेमानंच केलं सगळं. प्रेमानं केलेल्या गोष्टीशी भांडायला माणसाला जागा सापडत नाही.

मला दोन विटांच्या थरांवर आडवं ठेवलं आणि माझ्यावर मेथीच्या जुड्या बांधायला लागले. हिवाळा मी त्यात काढला. उन्हाळा लागला तसं सकाळी कुरड्या, संध्याकाळी शेवया. या जिल्ह्याचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. माझ्यावरचं मेण पहिल्याच आठवड्यात वितळून गेलं, मग कातडी गाभ्यापासून सुटून पाठीला फोड आले. कुरडई चांगली वाळते हो माझ्यावर, तानाबाई तर आपल्याही आणून टाकायची.

आणि आकांक्षा माझ्या डोळ्यांदेखत विझत होती. आधी शेतात जाणं थांबलं. मग डोक्यावरून पाणी घेणं थांबलं. मग जेवताना नुसती बोटं फिरवणं. एकदा देवकाबाईनं तिला जबरदस्तीनं बाजारात नेलं, तर कोबीच्या ढिगामागं तिला तो झटका आला. घाम, थरथर, डोळे पांढरे. गर्दी जमली. ही मिरगीच, फेफरंच, म्हणून तानाबाईनं पायातली चप्पल काढून तिच्या नाकाला लावली.

"हुंग, माय, हुंग. उतरते."

तानाबाईच्या मनात माया होती. पण पोरीच्या नाकाला भर बाजारात चप्पल लागली, आणि त्यानंतर ती महिनाभर दाराबाहेर आली नाही.

मी विटांवर पडून होते. मी काय करणार? फळीला हात नसतात. मला फक्त वाटत राहायचं, अरे, हिला पाण्यात टाका. हिला पडू द्या. ही पडायची विसरली आहे.

एके दिवशी दुपारी मायलेकी जुड्या बांधत होत्या. एक या बाजूला, एक त्या बाजूला, मधे मी. देवकाबाईनं खाली पाहतच विचारलं, "त्या दिवशी बजारात तुले झालं काय होतं?"

"सांगितलं ना माय. भीती."

"भीती कायची? पत्ताकोबीची?"

आकांक्षा हसली नाही. काड्या सारख्या करत म्हणाली, "कायचीच नाई. आधी बोटाइले मुंग्या येतात. मंग गळा आवळल्यावानी होते. छातीत कोणी आतून दार ठोकून राह्यलं असं वाटते. वाटते, आता मेली मी."

देवकाबाईचा हात थांबला. "अन पंधरा-वीस मिनटानं आपोआप जाते."

"हो."

"पोलकं भिजून जाते. मंग लय थंडी वाजते."

"माय, तुले कसं माहीत?"

देवकाबाईनं जुडी खाली ठेवली. "मी त्याले ग्यास म्हणत आली."

"कवापासून?"

"पियुष दुसरीत होता."

पियुषला आता दोन पोरं आहेत. इतकी वर्षं ही बाई ओवा चावत, सोडा पीत, धडधड गिळत पहाटेच्या बाजाराला जात होती, आणि घरात कोणाला पत्ता नव्हता. माझ्यावर मेथीचा ढीग होता, त्यामागून आकांक्षानं हात पुढं केला. देवकाबाईनं धरला नाही. ती म्हणाली, "मंग त्या फळीवर काय करत होती तू, ते मले सांग बरं नीट."

आकांक्षानं सांगितलं. घरी कोणी नसलं की तिनं मला भुईवर ठेवून आईला शिकवायला सुरुवात केली. पालथं पड, हात छातीजवळ, मान वर. देवकाबाईच्या बांगड्या माझ्यावर वाजायच्या. "हे तं सारवल्यावानी हाय," म्हणायची. आकांक्षा हसायची. पाच महिन्यांत पहिल्यांदा.

पण पाणी अजून करदोड्याला बांधलेलंच होतं. देवकाबाईनं दोनदा विचारलं. नत्थूजी दोनदा उठून गेले.

अखजी, म्हणजे अक्षय तृतीया, झाल्यावर पियुष छोटा टेम्पो घेऊन आला. सोबत प्रभाकरराव. हायवेवर यांचा ढाबा आहे. प्रभाकररावांनी माझ्याभोवती एक फेरा मारला आणि खूश झाले.

"याच्यावर नाव लय मस्त दिसन. उभी टांगाची. खालून लाइटिंग. फ्यामिली लोकं थांबतीनच."

पियुष म्हणाला, "घेऊन जा. घरात ठेवून ठेवून हिच्या डोस्क्यातून ते समुद्र जातच नाई."

आकांक्षा उंबऱ्याच्या आत उभी होती. मी तिचे पाय पाहिले. बोटं आवळलेली. मला कळलं की आता मी गेले तर ही पुन्हा त्या खोलीत जाईल, आणि मग बाहेर येणार नाही.

देवकाबाई माझ्यावर कुरड्या घालत होती. तिनं एकेक कुरडई उचलून परातीत ठेवली, घाई केली नाही. हात लुगड्याला पुसले. आणि माझ्यावर पालथी पडली. हात छातीजवळ, मान वर.

"माय, काय करून राह्यली?"

"पडून राह्यली."

"ऊठ ना. लोकं पाहून राह्यले."

खरंच पाहत होते. कुंपणावरून तानाबाईचं अर्धं तोंड दिसत होतं.

"उचल तू," देवकाबाई म्हणाली. "मलेसंगच उचल. प्रभाकररावच्या ढाब्यावर टांगजो. लाइटिंग खालूनच लावा म्हणा, डोयात नको."

"बाबा, तुमी सांगा ना तिले."

नत्थूजी बैल पाण्यावर लावून आत आले होते. त्यांनी बायकोला तशी पाहिली आणि गोठ्याच्या खांबाला टेकून उभे राहिले. देवकाबाईनं मान तशीच वर ठेवून बोलायला सुरुवात केली. माझ्या कण्यात तिचा आवाज उतरत होता.

"तू दुसरीत होता तवापासून मले वाटते का मी मरून राह्यली. बजारात वाटते, चुलीपाशी वाटते. तुह्या लगनात मांडवात वाटलं, म्हणून मी अक्षता टाकाले आली नवती. तुमी म्हटलं, रुसली. कोणाले सांगू? पट्टी साफ येते. मी ग्यास म्हटलं, तुमीबी ग्यास म्हटलं. आता या पोट्टीले तेच झालं. हे दोन सालात बरी झालती. समुद्रावर बरी झालती, अन आपल्या घरी येऊन बिमार पडली. घरी. आपण तिले इतलं जपलं का ते पान्याविना मासोळीवानी झाली. आता ही फळी जाईन तं मी जाईन. उचल."

कोणी उचललं नाही. प्रभाकररावांनी घसा साफ केला. "मंग मी येतो भैया," म्हणाले आणि टेम्पोत जाऊन बसले. पियुष उभाच राहिला. मांडवातली गोष्ट त्याच्या मनात इतकी वर्षं काट्यासारखी होती, ती मला त्याच्या पायांवरून कळली.

नत्थूजींनी करदोड्यातली किल्ली चाचपली. मग म्हणाले, "चार सोल लागतीन, गाठी मारलेले जाड दोर. चारी बाजूनं सोडाचे. ट्रकच्या ट्यूबा चार. अन मी काठावर बसल्याबिगर कोणी पान्यात पाय टाकाचा नाई. किल्ली माह्याच कंबरेले राहीन."

"राहू द्या," देवकाबाई म्हणाली. "मले किल्लीचं काय कराचं?"

मग ते माझ्याजवळ वाकले, पंखांवरून बोट फिरवलं. "हे तं पन्नी फाडतीन."

माझे तिन्ही पंख आकांक्षानं स्क्रू फिरवून काढले. पंख नसलेली फळी सरळ जात नाही, पाण्यात गोल फिरते. मी नऊ फुटांची, समुद्र पाहिलेली, आणि आता एका चौकोनी तळ्यात पंख छाटून उतरणार. लाज वाटायला हवी होती. खरं सांगते, वाटली नाही. पोरीचा तळवा माझ्यावर पडला आणि बोटं सैल होती.

नत्थूजींनी मला विहिरीचा नाडा बांधला आणि दुसरं टोक हातात धरून बसले, नवा बैल पाण्यावर न्यावा तसे. आकांक्षा उभी राहिली. पहिल्याच झटक्यात मी फिरले, ती धपकन पडली. नत्थूजी उभे राहिले. त्यांचा चेहरा पन्नीसारखा काळा पडला होता. पाणी फुटलं, आकांक्षाचं डोकं वर आलं, आणि ती खोकत म्हणाली, "बाबा, नाडा ढिला सोडा ना."

दहा-बारा वेळा पडली असेल. मग काठाला येऊन म्हणाली, "लाट नाई ना इथं."

नत्थूजी उठले, मोटारीच्या खोपटात गेले आणि तीन इंची पाइप तळ्यात सोडला. पाणी फसफसलं, एक वीतभर लाटा उठून माझ्या पोटाखालून गेल्या. "घे," म्हणाले, "तुही लाट." तेवढ्यात लाइन गेली, मोटार बंद. आमच्या इथं लाटसुद्धा लाइन असली तरच येते. हसा. आम्हीही हसलो.

चौथ्या दिवशी देवकाबाई उतरली. लुगड्याचा काष्टा, कमरेला ट्यूब. बांधावर बाया जमल्या. तानाबाई म्हणाली, "देवका, म्हैस बसली म्हणून बगळा शोधून राह्यली मी."

"तू ये ना, बगळ्यावानी," देवकाबाई म्हणाली आणि पडली.

वर आली ती मला दोन्ही हातांनी धरूनच. छाती धडधडत होती, माझ्या कातडीला जाणवत होतं. आकांक्षानं ट्यूबवर हात ठेवून विचारलं, "माय, ग्यास हाय का?"

देवकाबाईनं श्वास घेतला. एक, दोन. "नाई व," म्हणाली. "पडली म्हणून धडधडते."

त्या दुपारी देवकाबाई जेवून आडवी झाली ती दिवे लागायला उठली. भांडी तशीच, चूल तशीच. नत्थूजींनी भांडी घासली. गावात ती बातमी माझ्यापेक्षा मोठी झाली. पुढच्या आठवड्यात आकांक्षा आईला वर्ध्याला मनाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. गाडी पियुषनं चालवली. वाटेत तो एकच वाक्य बोलला म्हणतात, "मांडवात सांगाचं ना मले." देवकाबाई म्हणाली, "तुह्या डोक्यावर तवा मुंडावळ्या होत्या, बाप्पा."

आकांक्षा दसरा झाल्यावर कोकणात परत गेली. आता ती तिथं पडणाऱ्यांना शिकवते. तिला अजूनही कधीमधी झटका येतो. फोनवर सांगते, आलता, गेला. मला न्यायचं ठरलं होतं. नत्थूजींनी दोरही आणला होता. ऐन वेळी तिनं माझ्या फोडांवर हात ठेवला आणि म्हणाली, "राहू द्या इथंच. माय अजून गुडघ्यावरच हाय. उभी कुठी राह्यली?"

आता माझी दशा ऐका. पाठीवर सात फोड. कडेची खोक पुलगावच्या पंक्चरवाल्यानं बुजवली आहे, ट्रकच्या टायरला लावतात त्याच मायेनं. पंख देवकाबाईच्या पेटीत, फडक्यात बांधलेले. गाभा उन्हानं सैल झाला आहे. खऱ्या लाटेवर नेलं तर मी मधोमध मोडेन, हे मला माहीत आहे. समुद्र आठवतो का? आठवतो. खोटं कशाला बोलू.

पण बाजाराला सुट्टी असते त्या दुपारी चार-पाच बाया येतात. कोणी सांगते पाय धुवायला आले, कोणी सांगते मेथी धुवायला. तानाबाई तर पायाला भेगा पडल्या म्हणून येते आणि सगळ्यात जास्त वेळ माझ्यावर तीच असते. पाण्यात असताना त्या जे बोलतात ते मी सांगणार नाही. घरी बोलत नाहीत, एवढं सांगते.

आणि जे म्हणतात की समुद्र नसलेल्या जिल्ह्यात या फळीचं काय काम, त्यांना माझं विचारणं आहे. माणूस काय पाण्यातच बुडतो? मी इथं माणसं कोरड्या जागी बुडताना पाहिली आहेत. खाटेवर, चुलीपुढं, भर बाजारात, अक्षता पडताना मांडवाच्या मागं. मग फळीही इथंच हवी. मी कुठं जाणार नाही. मला टांगू नका, माझ्यावर नाव रंगवू नका, मला संग्रहात ठेवू नका. माझ्यावर पडा. पडायलाच केली आहे मला.

आणि हसायला यायचं असेल तर खुशाल या. फक्त काठावर जागा नाही, तिथं नत्थूजी नाडा धरून बसलेले असतात. हसणाऱ्यानं कमरेला ट्यूब घालायची, पाण्यात उतरायचं, आणि मग हसायचं.